‘इमिग्रेशन’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

मधुमालती यांचा प्रश्न:

मागच्या महिन्यात आईला घेऊन पहिल्यांदाच परदेशी निघाले होते. आई चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली आहे, त्यामुळे कुठलीही पाटी दिसली की ती आधी तिचे शुद्धलेखन तपासते. सामान देऊन झाल्यावर आम्ही ज्या रांगेकडे वळलो, तिच्यावर हिंदीत ‘आप्रवासन’ असे लिहिलेले होते. आईने चष्मा कपाळावरून खाली ओढला, पाटी दोनदा वाचली आणि म्हणाली, “प्रवासाला निघालेल्या माणसांना अप्रवासाच्या रांगेत का उभे करतात गं?” तो ‘अ’ नसून ‘आ’ आहे हे मी तिला दाखवले, तेव्हा ती म्हणाली, “मग तर आणखीच कळत नाही.” मलाही कळत नव्हते. शिवाय आम्ही तर देश सोडून चाललो होतो. मग येणाऱ्यांसाठीचा शब्द जाणाऱ्यांच्या डोक्यावर कशाला?

हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. परदेशातल्या मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी आमचे वाचनालय एक छोटे माहितीपत्रक काढत आहे आणि त्याचा मराठी मजकूर माझ्याकडे आला आहे. ‘स्थलांतर’ लिहिले तर ऊसतोड कामगार डोळ्यांपुढे येतात, ‘देशांतर’ लिहिले तर जुनी बखर वाचल्यासारखे वाटते आणि ‘आप्रवासन’ लिहिले तर आईसारखे सगळेच अडतील. मूळ इंग्रजी शब्द कोठून आला, त्याचा नेमका अर्थ काय आणि आपल्या भाषेत त्यासाठी आधीपासून काही शब्द होता का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

शब्दवेल्हाळ:

आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा. त्या अडल्या ती जागा बरोबर आहे, कारण तिथे मराठी आणि संस्कृत यांची वाट खरोखरच फुटलेली आहे.

आधी इंग्रजी शब्दाविषयी. लॅटिनमध्ये ‘मिग्रारे’ असे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे, बिऱ्हाड हलवणे. त्याला ‘आत’ या अर्थाचा उपसर्ग लागला की ‘इम्मिग्रारे’ होते आणि ‘बाहेर’ या अर्थाचा लागला की ‘एमिग्रारे’. हे क्रियापद ज्या आद्य धातूपासून आले असे भाषाशास्त्रज्ञ मानतात, त्याचा अर्थ बदलणे, अदलाबदल करणे असा होता, आणि आपल्या ‘विनिमय’ शब्दातला ‘मय’ त्याच कुळातला समजला जातो. म्हणजे लॅटिन शब्दाच्या पोटात हालचाल आहे, जागा बदलणे आहे.

आपल्या शब्दांच्या पोटात मात्र नेमकी उलट गोष्ट आहे. ‘प्रवास’ हा शब्द ‘वस्’ धातूचा, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ ‘निवासे’ असा दिला आहे. प्र + वास म्हणजे घरापासून दूर राहणे. लक्षात घ्यावे, दूर जाणे नव्हे, दूर राहणे! ‘प्रोषितभर्तृका’ ही काव्यातली नायिका आपल्याला माहीत असेल. तिचा पती ‘प्रोषित’ आहे, म्हणजे परगावी राहिलेला आहे, आणि हे ‘प्रोषित’ म्हणजे प्र + वस् याचेच भूतकालवाचक रूप होय. हिंदी आणि बंगाली या भाषांनी हा जुना अर्थ जपला. म्हणूनच ९ जानेवारीला साजरा होतो तो ‘प्रवासी भारतीय दिवस’, आणि म्हणूनच १९७९ च्या आंतरराज्य कामगारांच्या कायद्याचे हिंदी नाव ‘प्रवासी कर्मकार’ असे होते. मराठीने मात्र त्या शब्दातला मुक्काम काढून टाकला आणि वाट तेवढी ठेवली. मुंबईच्या कुठल्याही स्थानकावर उभे राहावे. हिंदी घोषणेत जो ‘यात्री’ असतो, तो मराठी घोषणेत ‘प्रवासी’ होतो. आपल्याकडे यात्रा देवाची, प्रवास गाडीचा.

आता ‘आप्रवासन’. ‘आयात’ आणि ‘निर्यात’ यांतला ‘आ’ आपण रोज वापरतो. तोच ‘आ’ येथे ‘इकडे’ या अर्थाने आला आहे. घर सोडून इकडे राहायला येणे म्हणजे आप्रवास, आणि येथून बाहेर राहायला जाणे म्हणजे उत्प्रवास. संस्कृतच्या दृष्टीने घडण अगदी निर्दोष आहे. हिंदीत पुष्कळदा ‘अप्रवासी’ असे छापलेले दिसते, ती चूक आहे. पण मातोश्रींनी वाचले ते याच चुकीच्या वाटेने वाचले. ‘प्रवास’ म्हणजे केवळ गाडीत बसणे असा अर्थ ज्याच्या मनात पक्का आहे, त्याला ‘आप्रवास’ कधीच उलगडणार नाही.

‘स्थलांतर’ची गंमत जाता जाता सांगतो. या शब्दात हालचालही नाही आणि राहणेही नाही. ग्रामांतर, देशांतर, भाषांतर यांच्याप्रमाणे त्याचा मूळ अर्थ ‘दुसरे स्थळ’ एवढाच आहे. हलण्याची क्रिया आपण ‘करणे’ जोडून मिळवली.

---

एडिसनचा पुणेकर:

शब्दवेल्हाळ सरांनी लॅटिनचा भाग सांगितला आहे, त्यापुढची गोष्ट मी राहतो त्या अमेरिकेतली आहे.

‘इमिग्रेशन’ हा शब्द इंग्रजीत १७ व्या शतकापासून आढळत असला तरी तो फारसा कोणी वापरत नव्हता. युरोप सोडून अमेरिकेत आलेल्या माणसाला अमेरिकेतही ‘एमिग्रंट’च म्हणत, म्हणजे ‘निघून गेलेला’. बोलणारा अमेरिकेच्या किनाऱ्यावर उभा असला तरी त्याची नजर अजून युरोपच्या बंदरातून पाहत होती. १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेतही ‘इमिग्रेशन’ नाही. तेथे ‘मायग्रेशन किंवा इम्पोर्टेशन’ असे शब्द आहेत आणि ते कलम प्रत्यक्षात गुलामांच्या व्यापाराविषयीचे आहे. माणसांसाठी ‘आयात’ हा शब्द देशाच्या घटनेत बसला, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर नजर फिरली. जेरेमी बेल्नॅप या इतिहासकाराने न्यू हॅम्पशरच्या इतिहासाच्या १७९२ च्या खंडात प्रस्तावनेतच सांगून टाकले की, ‘इमिग्रेट’, ‘इमिग्रंट’ आणि ‘इमिग्रेशन’ हे शब्द कोशांत नसले तरी लोकसंख्येविषयी लिहिताना अतिशय सोयीचे आहेत आणि त्यांनी ते बेधडक वापरले आहेत. पुढे नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशात ‘इमिग्रेट’चा अर्थ दिला गेला, त्यात ‘कायमच्या वास्तव्यासाठी’ ही अट आहे. शब्द तोच, पण तो चालू लागला तो घरात बसून दाराकडे पाहणारा माणूस तयार झाल्यावर. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे. एकच माणूस, एकच बोट. पण ज्या धक्क्यावरून पाहाल त्याप्रमाणे नाव बदलते.

ती ‘कायमची’ अट आज आमच्या जिवावर उठली आहे. मी येथे अकरा वर्षे राहतो. घराचे हप्ते भरतो, कर भरतो, मुलगी येथल्या शाळेत चौथीत आहे आणि तिचे मराठी ऐकून आजी फोनवर हसते. तरीही माझ्या व्हिसाच्या प्रत्येक अर्जावर माझा उल्लेख ‘नॉनइमिग्रंट वर्कर’ असाच होतो, कारण एच-वन-बी हा व्हिसा कायद्याने तात्पुरत्या वर्गात मोडतो. अमेरिकी कायद्याच्या भाषेत मी ‘इमिग्रंट’ होईन तो ग्रीन कार्ड हातात पडेल त्या दिवशी, आणि भारतात जन्मलेल्यांच्या त्या रांगेबद्दल न बोललेले बरे. आणि नागरिक होईपर्यंत मी ‘एलियन’. हा शब्दही लॅटिन, ‘दुसऱ्याचा’ अशा अर्थाचा, म्हणजे आपला ‘परका’ अगदी तंतोतंत. पुण्यात मावशी मला ‘अमेरिकेत स्थायिक झालेला’ म्हणून ओळख करून देते आणि येथले सरकार म्हणते की, हा स्थायिक नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. आमचे एका फायलीत असते.

जाणाऱ्याच्या रांगेवर ती पाटी का, याविषयी थोडेसे. भारतात येणारे आणि जाणारे दोघांचेही पासपोर्ट एकच यंत्रणा तपासते आणि तिचे नाव ‘ब्युरो ऑफ इमिग्रेशन’ असे आहे, म्हणून दोन्ही रांगांवर तेच नाव लागते. बाहेर जाणाऱ्यांसाठीचा १९८३ चा ‘एमिग्रेशन’ कायदा वेगळा आहे. आखातात मजुरीला जाणाऱ्या ज्यांच्या पासपोर्टवर तपासणीचा शिक्का असतो, त्यांच्याशी त्याचा संबंध येतो. आपल्या मातोश्रींचा आक्षेप व्याकरणाच्या दृष्टीने शंभर टक्के ग्राह्य आहे.

---

बालाघाट:

वरची चर्चा वाचून पुष्कळ शिकायला मिळाले. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. ‘स्थलांतर’ लिहिले की ऊसतोड कामगार आठवतात, असे प्रश्नात म्हटले आहे, म्हणून थोडे लिहितो.

आमच्या हजेरीपटावर ‘स्थलांतरित’ हा शेरा मी स्वतः लिहितो. दसरा झाला की गावात मुकादमाची फटफटी फिरू लागते. उचल आधीच घेतलेली असते, म्हणजे कारखान्याच्या हंगामाची आगाऊ रक्कम. मग एके दिवशी पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पत्रे, पाण्याचे पिंप, चुलीची लोखंडी फळी, कोंबड्या आणि त्यांवर माणसे चढतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. किती माणसे गेली असे कोणी विचारत नाही, किती कोयते गेले असे विचारतात. ज्या मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवता येते त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह असते, आणि जी जातात त्यांच्या हाती आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेने त्यांना बसवून घ्यावे. पुढे हंगाम संपतो, त्याला ‘पट्टा पडणे’ म्हणतात, आणि ती मुले उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात.

या सगळ्यात ‘स्थलांतर’ हा शब्द फक्त माझ्या हजेरीपटावर आणि वरच्या कार्यालयाच्या नमुन्यात असतो. गावात म्हणतात, “कारखान्याला गेले.” पुण्या-मुंबईला गेलेल्यांविषयी म्हणतात, “जगायला गेले.” एका मुलाच्या आईला मी मुलाला मागे ठेवायला सांगत होतो, तेव्हा तीही म्हणाली, “मास्तर, हौस हाय व्हय? जगायला जावं लागतंय.” मला वाटते, मराठीत या क्रियेसाठी यापेक्षा नेमका शब्द नाही. त्यात जागेचा उल्लेखच नाही, कारणाचा आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. २०११ च्या जनगणनेत देशांतर्गत स्थलांतर केलेल्यांची संख्या सुमारे ४५ कोटी निघाली, तेव्हा आमच्या शिक्षक मित्रांमध्ये कोणाचा विश्वास बसेना. जनगणना जन्माच्या किंवा मागच्या वास्तव्याच्या ठिकाणावरून स्थलांतरित ठरवते, त्यामुळे लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली प्रत्येक स्त्री त्यात येते आणि सर्वांत मोठा गट तोच आहे. आमच्या घरात मी पिढीजात गावकरी आणि माझी पत्नी स्थलांतरित, हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग तुमच्या हजेरीपटावर माझं नाव का नाही?”

---

दप्तरदार:

मराठीत ‘इमिग्रंट’साठी आधीपासून शब्द होता का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. तो शब्द आपण आजही रोज वापरतो, फक्त त्याचा दस्तऐवजी अर्थ विसरलो आहोत. तो शब्द म्हणजे ‘उपरी’ किंवा ‘उपरा’.

मराठेशाहीतल्या गावात कसणारे दोन प्रकारचे असत. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेला आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा, ज्याला तसा हक्क नाही. मिरासदाराला गावाच्या बैठकीत स्थान होते, उपऱ्याला नव्हते. मात्र मिरासदारावर जो जमिनीचा कायमचा बोजा असे तोही उपऱ्यावर नसे, पटले नाही तर तो दुसरे गाव धरू शके. एडिसनच्या मित्रांनी सांगितलेला ‘नॉनइमिग्रंट वर्कर’ मला वाचताक्षणी उपऱ्याची आठवण करून देतो. शब्दकोश कोणताही उघडावा, तेथे हक्काचा प्रश्न आधी आणि हालचालीचा नंतर.

हे उपरी येत कोठून? दुष्काळ पडला किंवा फौजा गावावरून गेल्या की रयत ‘परागंदा’ होत असे. हा शब्द फारसी आहे आणि त्याचा अर्थ विखुरलेला, पांगलेला. पुष्कळ लोक तो ‘परांगदा’ असा लिहितात, बहुधा त्यांना त्यात ‘पर’ आणि ‘अंग’ दिसतात म्हणून, पण ते बरोबर नाही. ज्या ग्रीक शब्दावरून आज ‘डायस्पोरा’ म्हणतात, त्याचाही अर्थ पेरल्यासारखे विखुरणे असाच आहे. तेव्हा अनिवासी भारतीयांच्या एखाद्या भपकेबाज संमेलनाला ‘परागंदांचा मेळावा’ म्हटले तर भाषेच्या दृष्टीने चूक होणार नाही, पाहुणे मात्र उठून जातील.

गाव ओस पडले की महसूल बुडत असे, म्हणून राज्यकर्ते कौल, म्हणजे सवलतीचे लेखी वचन, देत. नव्याने वसणाऱ्याला पहिली काही वर्षे सारा कमी, मग दरवर्षी थोडा वाढवत पूर्ण दराला आणायचा. या चढत्या आकारणीला ‘इस्तावा’ म्हणत. दादोजी कोंडदेवांच्या कारभारात पुणे परगणा पुन्हा वसवला गेला, तो याच पद्धतीने. म्हणजे बाहेरच्याला बोलावून वसवण्याचे धोरण, ज्याला आज मोठमोठे देश गुणांच्या तक्त्यांनी राबवतात, ते येथे एका कागदावर मावत होते.

‘देश’ या शब्दाविषयीही सावध राहावे. घाटावरच्या मुलखाला आपण आजही देश म्हणतो. कोकणातला माणूस घाट चढला की देशावर येतो. त्या हिशेबाने देशांतर करायला समुद्र ओलांडावा लागत नसे. उत्तर हिंदुस्थानातून येऊन येथे स्थायिक झालेल्या घराण्यांना ‘परदेशी’ म्हणत आणि ते आडनाव आज महाराष्ट्रात इतके रुळले आहे की, परदेशी आडनावाच्या माणसाचे मराठी ऐकून कोणाला नवल वाटत नाही. तसेच ‘कर’ लागलेल्या आडनावांचे. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावून उपयोग काय, तेथे सगळेच तिथले. ती ओळख कामाला येते ती बहुतेक वेस ओलांडल्यावर. एडिसनमध्ये ‘पुणेकर’ म्हणवून घेणारे सद्गृहस्थ हेच करत आहेत.

---

तारू:

मी व्यापारी जहाजावर नोकरी केली. वर ‘आप्रवासी’ शब्दाला नावे ठेवलेली पाहून लिहावेसे वाटले. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात ‘आप्रवासी घाट’ आहे आणि २००६ पासून तो जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातले जवळपास पाच लाख गिरमिटिये मजूर तेथे उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी आणि साताऱ्याकडचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी करतात आणि त्या दिवशी देशाला सुट्टी असते. ‘गिरमिट’ म्हणजे ‘अ‍ॅग्रिमेंट’चा अपभ्रंश, आपल्या सुताराच्या गिरमिटाशी त्याचा संबंध नाही, जरी काम दोन्हींचे भोक पाडण्याचेच असले तरी.

हिंदुस्थानात त्या मजुरांना जेथे ठेवत त्याला ‘एमिग्रेशन डेपो’ म्हणत आणि पोर्ट लुईत ते जेथे उतरत त्याला ‘इमिग्रेशन डेपो’. मध्ये समुद्र तेवढा होता. उतरल्यावर प्रत्येकाला एक ‘इमिग्रंट क्रमांक’ मिळे. मोका येथल्या महात्मा गांधी संस्थेत ती दप्तरे आहेत आणि लोक आपल्या पणजोबांचा क्रमांक शोधायला तेथे येतात. लोक त्या जागेला आधी ‘कुली घाट’ म्हणत. त्या नावापुढे ‘आप्रवासी’ हा शब्द मला तरी पुस्तकी वाटला नाही.

---

नवगाव:

‘तारू’ यांच्याशी सहमत आहे. शब्दाला मान असेल तर तो रुळतो. आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. १९४८ नंतर आमची निम्मीअधिक माणसे इस्राएलला गेली. तेथे येऊन स्थायिक होण्याला हिब्रूत ‘आलिया’ म्हणतात, म्हणजे चढणे, आणि देश सोडून जाण्याला ‘येरिदा’, म्हणजे उतरणे. माझी आत्या १९६० च्या सुमारास ‘चढली’. पत्रात मात्र शेवटपर्यंत लिहायची, “आम्ही इकडे आल्यापासून.” ती मराठीत लिहीत असे, तेव्हा तिला चढण्याचा शब्द सापडला नसावा, किंवा नको असावा.

---

मधुमालती:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आईला सगळी उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. ‘प्रोषितभर्तृका’ आल्यावर ती खुलली, ‘परांगदा’वर तिने स्वतःची चूक कबूल केली (तीस वर्षे ती मुलांना तेच शिकवत होती), आणि ‘बालाघाट’ सरांच्या पत्नींचा प्रश्न ऐकून तिने मला थांबवले. म्हणाली, “वस् धातूचा एवढा काथ्याकूट केलात आणि ‘सासुरवाशीण’ कुणालाच कशी सुचली नाही? सासरी वास करते ती. आणि माहेरी येते तेव्हा माहेरवाशीण. दोन्ही बाजूंनी वासच, घर कुठंच नाही.” आई एकविसाव्या वर्षी मालवणहून पुण्याला आली. पहिले सहा महिने तिला येथली आमटी गोड लागायची, असे तिने मला काल पहिल्यांदा सांगितले.

माहितीपत्रकात मी ‘पासपोर्ट तपासणीची रांग’ असे लिहिणार आहे आणि पुढे एक ओळ घालणार आहे की, पाटीवर ‘इमिग्रेशन’ किंवा ‘आप्रवासन’ असे लिहिलेले असेल, जाणाऱ्यांनीही तेथेच उभे राहावे. आईने मजकूर तपासला आहे. ‘आ’खाली तिने लाल पेनाने दोन रेघा ओढल्या आहेत.